नाचता येते, पण अंगण कुठे आहे?

संयुक्त अरब अमिरातीतील अल् ऐन हे शहर ओमानच्या सीमेला लागून वसले आहे. खजुराच्या बागा, जेबेल हाफीतचा उघडाबोडका डोंगर आणि जून महिन्यात चाळीस अंशांच्या वर चढणारा पारा ही त्याची ओळख. गोमंतकातल्या कितीतरी घरांतील कर्ती माणसे आखातात असल्यामुळे तिथल्या उन्हाचे वर्णन आमच्या वाचकांस नव्याने ऐकवण्याचे कारण नाही. अशा त्या शहरात २०२५ सालच्या मे अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आशियातील सहा देशांच्या महिला संघांनी बर्फावर हॉकी खेळावी आणि भारताच्या मुलींनी तेथून कांस्यपदक घेऊन परतावे, ही वार्ता प्रथमदर्शनी थट्टेची वाटण्याचा संभव होता. तथापि ती थट्टेची नव्हती. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या महिला आशिया चषक स्पर्धेत फिलिपीन्स व इराण यांच्या पाठोपाठ भारत तिसरा आला. यजमान अमिराती, मलेशिया आणि किर्गिझस्तान हे तिन्ही संघ त्याच्या खाली राहिले. भारतीय महिला संघाने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवण्याची ही पहिलीच वेळ.

त्या आठवड्यात देशाचे लक्ष अन्यत्र होते. ३ जून रोजी अहमदाबादेत आयपीएलचा अंतिम सामना झाला आणि दुसऱ्याच दिवशी बंगळूरमध्ये विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत अकरा माणसे प्राणांस मुकली. आनंद आणि शोक या दोन्ही कारणांनी वृत्तपत्रांची पाने क्रिकेटनेच व्यापली होती. लडाख व स्पितीच्या मुलींचे पदक त्या गदारोळात कुणाच्या ध्यानी राहिले नाही, याबद्दल आम्ही वाचकांस दोष देणार नाही. परंतु गदारोळ ओसरून बराच काळ लोटला आहे. आता त्या पदकाकडे शांतपणे पाहावयास हरकत नसावी. कौतुकाचे शब्द पुष्कळ झाले. हे पदक कशाच्या बळावर मिळाले, आणि कशाच्या अभावी त्याच्या पुढचे मिळणे दुर्घट आहे, हा हिशेब मात्र मांडायचा राहिला आहे.

उष्ण प्रदेशातील लोकांनी बर्फावरचा खेळ खेळण्याचा अट्टाहास कशाला, असा प्रश्न काही सुबुद्ध माणसेही विचारताना आढळतात. त्यांना आम्ही नम्रपणे सांगू की, हा खेळ आज आकाशातून पडणाऱ्या बर्फावर फारसा खेळला जात नाही. तो यंत्राने गोठवलेल्या बर्फावर खेळला जातो, आणि ते यंत्र कॅनडात चालते तसेच मलेशियातही चालते. आमच्या किनाऱ्यावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या करणारे कारखाने ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्यातील तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. शून्य अंशाखाली नेऊनही न गोठणाऱ्या खाऱ्या पाण्यात पत्र्याचे डबे बुडवून तिथे लाद्या तयार होतात. आइस हॉकीच्या मैदानात, ज्याला रिंक म्हणतात, काँक्रीटच्या जमिनीखाली नळ्यांचे जाळे पसरलेले असते आणि त्यांतून तसाच अतिशीत द्रव खेळवला जातो. वरून पाण्याचे पातळ थर एकावर एक देऊन तीनचार सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरू देतात. साठ मीटर लांब आणि सव्वीस ते तीस मीटर रुंद असा तो पट्टा. त्यावर प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू, टणक रबराची एक चकती, आणि वीस वीस मिनिटांचे तीन डाव. खेळाचा वेग असा विलक्षण की, मिनिटाच्या आत खेळाडूला दम घेण्यासाठी बाहेर बोलावून दुसऱ्याला आत धाडावे लागते. अल् ऐनच्या वाळवंटात हे शक्य होते, कारण तिथे रिंक आहे. म्हणजे प्रश्न हवामानाचा नव्हेच. तो सोयीचा, पैशाचा आणि चिकाटीचा आहे.

आता अशा उदयोन्मुख संघांच्या स्पर्धांना काही अर्थ आहे काय, हे पाहू. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड यांच्या तुलनेत या सहा देशांचा खेळ बाल्यावस्थेतील आहे, हे उघडच आहे. मग दुबळ्यांच्या मेळ्यात तिसरे येण्याचे एवढे काय अप्रूप, असा कुत्सित सूर निघतो. हा सूर काढणाऱ्यांनी या खेळाच्या इतिहासातील काही आकडे डोळ्यांखालून घालावेत. १९८७ साली पर्थ येथे जागतिक स्पर्धेच्या तळच्या गटात ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडवर ५८ गोल केले, परतफेड शून्य. १९९८ साली अठरा वर्षांखालील मुलांच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाने थायलंडचा ९२ विरुद्ध ० असा फडशा पाडला. २००८ च्या सप्टेंबरात लाटव्हियातील लिएपाया येथे ऑलिंपिकच्या पूर्वपात्रता सामन्यात स्लोव्हाकियाच्या मुलींनी बल्गेरियाविरुद्ध ८२ गोल नोंदवले. साठ मिनिटांत ब्याऐंशी, म्हणजे मिनिटाला एकाहूनही अधिक. जाळ्यातून चकती काढून पुन्हा मध्यरेषेवर आणण्यापलीकडे त्या दिवशी बल्गेरियाच्या वाट्याला दुसरे काम आले नसावे. अशा सामन्यांतून हरणारा काही शिकत नाही. तो खेळ सोडतो. आणि जिंकणाराही काही शिकत नाही, हे अधिक वाईट.

म्हणूनच तोडीस तोड लढत होईल अशा पायऱ्या बांधणे, हे जागतिक खेळाचे प्रशासन करणाऱ्यांचे पहिले कर्तव्य ठरते. १९०८ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या या महासंघाला ते उशिरा का होईना, उमगले. त्याच्या जागतिक स्पर्धेचा अत्युच्च गट सोळा पुरुष संघांचा. त्याखाली एकाखाली एक अशा श्रेणी, आणि दर वर्षी वरचा खाली, खालचा वर, अशी चढउतार. या शिडीच्या शेवटच्या पायरीवरही ज्यांचे पाऊल टेकत नव्हते, अशांसाठी आशियात २००८ साली हाँगकाँग येथे ‘चॅलेंज चषक’ सुरू झाला. पुढे त्याची नावे बदलत गेली आणि महिलांसाठीही तशाच स्पर्धा आल्या. जमिनीपासून पहिल्या पायरीपर्यंतचे अंतर फार आहे, तिथे एक दगड आणून ठेवावा, तसे हे काम आहे. दगड ओबडधोबड असेल, पण पाय ठेवण्यापुरता तो पुरेसा असतो. ज्या स्पर्धेत सामने एका गोलाच्या फरकाने संपतात तीच स्पर्धा खेळ वाढवते, असे आमचे मत आहे. मग तिचे नाव कुणाला ठाऊक असो वा नसो.

भारतीय महिला संघाचा प्रवास याची साक्ष देतो. १९८९ च्या एप्रिलमध्ये भारत या महासंघाचा सदस्य झाला. थायलंडचा प्रवेशही त्याच वेळचा. परंतु भारताचा महिला संघ प्रथम परदेशी गेला तो २०१६ साली, तैवानच्या ताइपेई येथे. जाण्यासाठी पैसे नव्हते, म्हणून लोकांपुढे झोळी पसरावी लागली. देशभरातल्या अनोळखी माणसांनी यथाशक्ती वर्गणी पाठवली, तेव्हा विमानाची तिकिटे निघाली. तिथे एकही सामना जिंकता आला नाही. पुढच्याच वर्षी बँकॉक येथे मात्र फिलिपीन्सवर ४-३ असा विजय मिळाला आणि त्यानंतर मलेशियाला ५-४ असे हरवले. दोन्ही विजय एकेका गोलाचे. ४-३ या आकड्यात जी जिवंत झुंज आहे ती ९२-० मध्ये नाही, आणि त्या एका गोलाने या मुलींना जे दिले ते शंभर सत्कार समारंभांनी दिले नसते. पहिल्या विजयापासून पहिल्या पदकापर्यंत आठ वर्षे गेली. ती कशी गेली, हे सांगण्यासारखे आहे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. स्पितीतील काझा त्याहूनही किंचित वर. सत्तरच्या दशकात तिथल्या सैनिकांच्या सहवासातून हा खेळ स्थानिकांत रुजला. बुटांना पाती ठोकून मुले गोठलेल्या तळ्यांवर घसरू लागली. मुलींना आरंभी स्केट मिळत ते भावांचे वा अन्य पुरुषांचे, वापरून झालेले आणि मापाला न बसणारे. गोलरक्षकाने क्रिकेटचे पॅड बांधून उभे राहण्याचे प्रसंगही आले. मैदान म्हणाल तर हिवाळ्याच्या रात्री उघड्या जमिनीवर पाण्याचे फवारे मारायचे, ते गोठू द्यायचे, पुन्हा फवारे मारायचे. सूर्य वर आला की बर्फ मऊ पडतो, म्हणून सराव भल्या पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, शून्याखालील थंडीत. आणि हे सारे फार तर दोन महिने. फेब्रुवारी सरता सरता पायांखालचा बर्फ वितळतो आणि त्याबरोबर मोसमही संपतो. त्यानंतर राहतात ते कोरड्या जमिनीवरचे व्यायाम, चाकांचे स्केट, आणि ज्यांना परवडेल त्यांना दिल्लीजवळच्या गुरुग्राममधील एका मॉलचा रिंक, जो पुऱ्या मापाचा नाही. तिथेही सहलीला आलेल्या पोराबाळांची गर्दी हटल्यावर, रात्री उशिरा किंवा पहाटे, बर्फ मोकळा मिळायचा.

चार ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी असलेली कॅनडाची हेली विकनहायझर २०१८ च्या जानेवारीत लडाखला आली. तिने साहित्य आणले आणि या मुलींबरोबर ती खेळली. दलाई लामांच्या भेटीला किंवा पँगाँग सरोवराचे छायाचित्र घ्यायला लडाखला जाणाऱ्या बड्या पाहुण्यांना आपण ओळखतो. बर्फावर उतरून घाम गाळणारी पाहुणी विरळाच. त्यानंतरच्या काळात काही उद्योगांचे साहाय्य लाभले. रॉयल एनफिल्डच्या पाठबळाने २०२४ पासून लेहमध्ये लीग स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षापासून केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा बर्फावरील भागही लेहच्या नवांग दोर्जान स्तोब्दन मैदानावर होऊ लागला. भारत तिबेट सीमा पोलीस दलाने आपला महिला संघ उभा करून काही मुलींच्या पोटापाण्याची चिंता मिटवली, ही गोष्ट आम्हांला या सर्वांत अधिक मोलाची वाटते. खेळाडूला हार घालणारे पुष्कळ भेटतात. महिन्याच्या एक तारखेला पगार देणारा एखादाच.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण आळशांना उद्देशून वापरतो. लडाखच्या मुलींबाबत ती उलटी करावी लागेल. त्यांना नाचता येते, अंगणच नाही. आणि अंगण नाही म्हणावे, तर ते होते! डेहराडूनला होते. जानेवारी २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा भारतात भरल्या. स्कीइंग औली येथे आणि बर्फावरील स्केटिंग डेहराडून येथे. त्यासाठी डेहराडूनला आंतरराष्ट्रीय मापाचा, छत असलेला, यंत्रांनी गोठवलेला रिंक बांधला गेला. २०१२ मध्ये तिथे आइस हॉकीचा आशियाई चॅलेंज चषकही झाला. परदेशी संघ आले, खेळले, गेले. त्यानंतर दारांना कुलूप लागले. वीज आणि देखभाल यांचा खर्च कुणी सोसायचा, याचे उत्तर कुणापाशी नव्हते. २०१६ साली जेव्हा आमच्या मुली वर्गणी मागत होत्या आणि मॉल बंद होण्याची वाट पाहत होत्या, तेव्हा डेहराडूनची ती वास्तू धूळ खात उभी होती. २०२५ मध्ये तिची डागडुजी होऊन ती पुन्हा उघडली आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची स्पर्धा झाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु मधली दहाबारा वर्षे कुणी परत आणून देणार आहे काय? २०१२ मध्ये बारा वर्षांची असलेली मुलगी २०२५ मध्ये पंचविशीची झाली. बर्फावर तोल सांभाळायला शिकण्याचे तिचे वय कुलपाआड गेले.

रिंक ही क्रिकेटच्या मैदानासारखी गोष्ट नव्हे. मैदानावर गवत वाढले तर कापता येते. रिंकचे शीतयंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. बांधकामाचा खर्च एकदाच होतो आणि त्याचे श्रेय घ्यायला कोनशिला असते. विजेचे बिल दर महिन्याला येते आणि त्याच्यावर कुणाचे नाव कोरलेले नसते. आपल्या सरकारांचा सारा उत्साह कोनशिलेपाशी संपतो, हे डेहराडूनपुरते खरे नाही. गोव्याला राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे यजमानपद २०१६ सालासाठी मिळाले होते. त्या पुढे ढकलता ढकलता अखेर २०२३ च्या ऑक्टोबर–नोव्हेंबरात पार पडल्या. त्याआधी २०१४ च्या जानेवारीत लुसोफोनिया स्पर्धा झाल्या, त्याही आधीच्या नोव्हेंबरातून पुढे सरकलेल्या. या दोन्ही निमित्तांनी ताळगाव, बांबोळी, म्हापसा येथे क्रीडागारे उभी राहिली वा नव्याने सजली, आणि स्पर्धा नेटक्या झाल्या हेही मान्य केले पाहिजे. मात्र एखाद्या वाड्यावरील पोराला स्पर्धेनंतरच्या चौथ्या पावसाळ्यात तिथल्या लाकडी जमिनीवर किती तास मिळतात, हा प्रश्न आमदारांनी विधानसभेत विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. यजमानपद हे एका पंधरवड्याचे असते. खेळाडू घडायला दहा वर्षे लागतात. हे गणित आम्हांला सुटत नाही तोवर लडाखला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

बर्फ नसेल तर काय होते, याचे उदाहरण थंड देशांतही आहे. आयर्लंडसारख्या युरोपीय देशात डंडॉक येथील रिंक २०१० मध्ये बंद पडला. देशात पुऱ्या मापाचे कायम मैदान उरले नाही, आणि २०१३ नंतर आयर्लंडचा पुरुष संघ जागतिक स्पर्धेच्या तळच्या श्रेणीतूनही बाहेर पडला. खेळाडू होते, हौस होती, चार पैसे बाळगणारा देश होता. त्याउलट दक्षिणपूर्व आशियातील उष्ण देशांनी वेगळीच वाट धरली. बँकॉक, मनिला, क्वालालंपूर येथे व्यापारी संकुलांतून रिंक उभे राहिले. स्केटिंग करायला येणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांच्या तिकिटांवर विजेचे बिल भागते आणि उरलेल्या वेळात संघ सराव करतो. फिलिपीन्स या महासंघाचा सदस्य झाला २०१६ मध्ये, भारतानंतर सत्तावीस वर्षांनी. २०१७ मध्ये क्वालालंपूरच्या दक्षिणपूर्व आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा पुरुषांचे सुवर्ण फिलिपीन्सने पटकावले. ज्या देशाने कधी हिम पाहिले नाही त्याने हे करावे आणि हिमालय ज्याच्या उशाशी आहे त्याने मागे राहावे, यात दोष भूगोलाकडे जात नाही. सिमल्याला स्केटिंगसाठी नैसर्गिक बर्फाचा रिंक १९२० सालापासून आहे. ऑलिंपिकमध्ये आइस हॉकी प्रथम खेळली गेली तीही १९२० मध्येच, अँटवर्पला. आरंभरेषेवर आपण फार मागे नव्हतो.

येथे एका मोहाचा उल्लेख केला पाहिजे, कारण पदकापाठोपाठ तो येणारच. संघ झटपट बलवान करायचा तर परदेशात वाढलेले, तिथल्या रिंकवर घडलेले खेळाडू आणून त्यांच्या अंगावर आपला पोषाख चढवायचा, हा तो मोह. दक्षिण कोरियाने २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकसाठी पुरुष संघात उत्तर अमेरिकेतील खेळाडूंना नागरिकत्व देऊन घेतले. चीनने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी त्याहून सढळ हाताने तेच केले. पुरुष संघाचा मोठा भाग अमेरिका व कॅनडात वाढलेल्यांचा होता, तरी तो एकही सामना न जिंकता परतला. महासंघाने याला काही लगाम घातले आहेत. एकदा एका देशाकडून खेळलेल्याला दुसऱ्याकडून खेळायचे तर त्या देशात सलग चार वर्षे खेळून दाखवावे लागते. परंतु पळवाटा शोधणाऱ्याला नियम पुरत नाहीत.

या प्रकाराचे एक निरागस रूपही आहे. २०१९ मध्ये फ्लोरिडातील लॅटिन अमेरिकन देशांच्या स्पर्धेत जमैकाचा संघ अजिंक्य ठरला. खेळाडू प्रामुख्याने कॅनडात वाढलेले, आईबापांच्या वा आजीआजोबांच्या नात्याने जमैकन. त्या वेळी खुद्द जमैकात बर्फाचे एकही मैदान नव्हते. किंग्स्टनच्या गल्लीतील पोराने ही वार्ता ऐकून कुठे जायचे? मूळ देशाशी नाते सांगणाऱ्या त्या तरुणांच्या भावनेचा आम्ही उपहास करीत नाही. सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या गोमंतकीयांना आणि मराठी माणसांना ती चांगली समजेल. पण भावनेने रिंक बांधला जात नाही. कॅनडात आज भारतीय वंशाची मुले मोठ्या संख्येने ही हॉकी खेळत आहेत. उद्या त्यांच्यातील काहींना तिरंगी पोषाख देऊन संघ सजवावा, अशी टूम निघाल्यास आम्ही तिला विरोधच करू. प्रशिक्षक म्हणून ते येणार असतील तर त्यांना पायघड्या घालाव्यात. काझाच्या मुलीची जागा घेण्यासाठी मात्र नव्हे.

सरळ वाट लांब असते, तिचे प्रमाण जपानने घालून दिले आहे. १९९८ मध्ये नागानो येथे ऑलिंपिकमध्ये महिलांची आइस हॉकी प्रथमच आली. यजमान म्हणून जपानला प्रवेश मिळाला, आणि पाच सामन्यांत २ गोल करून जपानी मुलींनी ४५ गोल स्वीकारले. पुढच्या तीन ऑलिंपिकांत त्यांना पात्र ठरता आले नाही. त्यांनी बाहेरचे खेळाडू आयात केले नाहीत. कारखान्यांच्या आणि शाळांच्या संघांतून, स्वतःच्या लीगमधून त्या वाढत राहिल्या. २०१४ च्या सोचीला त्या स्वबळावर पात्र होऊन गेल्या, तरी तिथेही विजय नाहीच. ऑलिंपिकमधील पहिला विजय हाती आला २०१८ मध्ये, उत्तर व दक्षिण कोरियाच्या संयुक्त संघाविरुद्ध. वीस वर्षे! दरम्यान एका पिढीने खेळ सोडला असेल, दुसरीने हाती घेतला असेल. परंतु त्या वीस वर्षांत होक्काइडोचे रिंक कुणी बंद करून ठेवले नाहीत.

म्हणून भारतीय महिला संघाच्या कांस्यपदकाचा सन्मान करावयाचा असेल तर रोख पारितोषिकांपेक्षा दोन बाबींची खात्री देणे अगत्याचे आहे. डेहराडूनच्या रिंकवर वर्षातील ठराविक महिने राष्ट्रीय संघाच्या आणि कनिष्ठ मुलींच्या नावे राखून ठेवावेत. स्पर्धा नसताना ते मिळणार असतील तरच त्याला अर्थ आहे. लडाख ते डेहराडून हा प्रवास आणि निवासखर्च क्रीडाखात्याने उचलावा. पाठोपाठ, उघडा असलेला रिंक पुन्हा बंद पडू नये म्हणून त्याचे वीजबिल कुणाच्या अंदाजपत्रकातील कोणत्या शीर्षाखाली जाईल, हे आताच ठरावे. ही मागणी रुक्ष आहे, हे आम्ही जाणतो. पण गेल्या खेपेला ती वास्तू कुलूपबंद झाली ती काव्याच्या अभावी नव्हे.

पुणे, मुंबई, ठाणे येथील रोलर स्केटिंगच्या वर्गांतून तयार झालेली महाराष्ट्राची मुलेही आता लेहच्या हिवाळी स्पर्धांना जातात आणि वेगाच्या शर्यतींत पदके आणतात. चाकांवरून पात्यांवर येण्यास फार काळ लागत नाही, असे त्यांच्या यशावरून दिसते. गोव्यातील शाळांच्या अंगणांतही चाकांवर धावणारी मुले कमी नाहीत. त्यांतील एखादीला उद्या बर्फावर उतरावेसे वाटले तर तिला अडीच हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागेल, आणि तो तिने करावा असे आम्ही म्हणूही. तिने तिथे पोहोचल्यावर दार उघडे सापडले पाहिजे, इतकेच. लडाखच्या मुलींसाठी तर प्रश्न आणखी तातडीचा आहे. तिथला हिवाळा आखडत चालला आहे. जो बर्फ दोन महिने टिकत असे तो आणखी किती वर्षे तेवढा टिकेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. आशिया चषकाचे सामने यापुढेही होत राहतील, आणि फिलिपीन्सच्या व इराणच्या मुली त्यांच्यासाठी बाराही महिने छपराखालच्या बर्फावर सराव करीत असतील.